न बदलणाऱ्या लेन्सची कैफियत

छायाचित्रणाची हौस नव्याने जडलेल्या माणसाने कॅमेरा कोणता घ्यावा असे विचारले, मग तो प्रश्न मुंबईच्या बोरा बाजारातल्या दुकानदाराला विचारलेला असो, हौशी छायाचित्रकारांच्या मंडळातील एखाद्या जुन्या सभासदाला विचारलेला असो, की चार बरी छायाचित्रे काढून आप्तेष्टांत तज्ज्ञ ठरलेल्या एखाद्या मावसभावाला विचारलेला असो, उत्तर बहुधा एकच येते: लेन्स बदलता येईल असा मिररलेस घे, अगदी पहिल्या पायरीवरचा असला तरी चालेल, पण तेवढेच किंवा त्याहून अधिक पैसे मोजून लेन्स कायमची जडवलेला छोटा कॅमेरा घेऊ नकोस, कारण ती निव्वळ चैन आहे. हा सल्ला इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे दिला जातो की त्याला आता मताचे स्वरूप न राहता वहिवाटीचे स्वरूप आले आहे. आणि वहिवाटीचा एक गुण असा की मूळ दस्तऐवज कोणी पाहिला आहे काय, हे ती कोणाला विचारूच देत नाही. तो दस्तऐवज उघडून त्यातील रकमांची रुजुवात घालावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्यायाचे होईल. ते म्हणतात की मिररलेसचा सेन्सर मोठा, म्हणून चित्र सरस. त्याची लेन्स बदलता येते, म्हणून शिकणाऱ्याच्या वाढीला वाव. आणि उद्या बॉडी जुनी झाली तरी घेतलेल्या लेन्स कायम राहतात, म्हणून खर्च केलेला पैसा गुंतवणुकीसारखा टिकून राहतो. यांतील प्रत्येक विधान सुटे करून तपासले तर त्यात सत्याचा बराच अंश आहे, आणि म्हणूनच ती सगळी एकत्र ऐकताना विचारशक्ती सुखाने डुलकी घेते. परंतु ही सर्व विधाने कॅमेऱ्याच्या बॉडीविषयीची आहेत, आणि निव्वळ बॉडीने आजवर कोणी छायाचित्र काढल्याचे ऐकिवात नाही. दुकानातून घरी येताना त्या बॉडीवर एक लेन्स लावलेली असते, जिला बाजारात किट लेन्स म्हणतात. ती कंपनीने शक्य तितक्या कमी खर्चात, शक्य तितकी आखूड आणि हलकी बनवलेली असते. आणि बहुसंख्य घरांत त्या बॉडीवरून ती कधीच उतरत नाही. तेव्हा तुलना करायचीच असेल तर ती या जोडीशी केली पाहिजे. जी लेन्स गिऱ्हाइकाने घेतलेली नाही, तिच्या पुण्याईवर मिररलेसला जिंकवणे हा न्याय नव्हे.

छोट्या कॅमेऱ्याची बदनामी कशी झाली हे पाहिले म्हणजे या वहिवाटीचा उगमही ध्यानात येतो. २०१० च्या सुमारास जपानी कंपन्या वर्षाकाठी १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवीत होत्या. त्यांतील बहुसंख्य लेन्स जडवलेले, स्वस्त, आणि सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरच्या, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान सेन्सरचे होते. फोनमधल्या कॅमेऱ्याने पुढील दशकात त्या सबंध वर्गाचे उच्चाटन केले ते योग्यच झाले, आणि त्या कॅमेऱ्यांसाठी अश्रू ढाळण्याचे मला यत्किंचितही कारण दिसत नाही. तथापि याच काळात त्याच आकाराच्या कवचात एक निराळाच वंश वाढत होता: २००८ साली सिग्माने डीपी१ मध्ये आरशाच्या कॅमेऱ्यांच्या तोडीचा सेन्सर बसवला, २०११ मध्ये फुजीफिल्मचा एक्स१०० बाजारात आला, २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१०० या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा सेन्सर घातला आणि त्याच वर्षी आरएक्स१ मध्ये तर जुन्या फिल्मच्या ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या चौकटीएवढा. आणि २०१३ मध्ये रिकोने आपल्या फिल्मच्या जमान्यातील जीआर या नावाखाली एपीएस-सी मापाचा, म्हणजे सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, सेन्सर आणला. या कॅमेऱ्यांचे पूर्वीच्या स्वस्त डब्यांशी साम्य असेल तर ते बाहेरून. त्या डब्यांवर लागलेला कलंक मात्र यांनाही वारशाने मिळाला, आणि लेन्स निघत नाही म्हणजे माल हलका, अशी समजूत लोकांच्या मनात जी बसली ती अद्याप उठलेली नाही.

आता मुद्देमाल समोर ठेवू. साक्षीसाठी २०१४ हे वर्ष मी मुद्दाम निवडतो, कारण त्या एका वर्षात एकाच कंपनीने, अमेरिकेत जवळपास एकाच किमतीला, सुमारे ८०० डॉलरला, दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी विकायला ठेवले होते. एक, सोनीचा ए६०००, जो पुढे कित्येक वर्षे नवशिक्यांच्या हाती पहिला कॅमेरा म्हणून दिला गेला, आणि त्याच्यासोबतची १६ ते ५० मिलिमीटरची, एफ/३.५ ते एफ/५.६ ची किट लेन्स. दुसरा, आरएक्स१०० मार्क ३, ज्याची जडवलेली लेन्स ८.८ ते २५.७ मिलिमीटरची आणि एफ/१.८ ते एफ/२.८ ची आहे. दोन्ही लेन्सच्या दृष्टीचा आवाका जवळजवळ सारखाच: फिल्मच्या मापात सांगायचे तर पहिलीचा २४ ते ७५, दुसरीचा २४ ते ७०. ए६००० चा सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने आरएक्स१०० च्या तिप्पटीहून मोठा. प्रतिपक्ष येथेच कागद गुंडाळून फैसला मागतो. मला मात्र एक भागाकार करून पाहू द्यावा, अशी विनंती आहे.

लेन्सवर छापलेला एफचा आकडा म्हणजे तिच्या नाभीय अंतराला तिच्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागल्यावर आलेला भागाकार होय; म्हणून नाभीय अंतराला एफच्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास हाती येतो, आणि समोरच्या दृश्यातील किती प्रकाश कॅमेऱ्याच्या आत शिरणार हे ते छिद्रच ठरवते. ए६००० ची किट लेन्स ५० मिलिमीटरला ५.६ वर उघडते, म्हणजे छिद्र ८.९ मिलिमीटरचे, आरएक्स१०० ची लेन्स २५.७ ला २.८ वर उघडते, म्हणजे छिद्र ९.२ मिलिमीटरचे. रुंद टोकाला पहिलीचे छिद्र ४.६, दुसरीचे ४.९. दोन्ही टोकांना खिशातला कॅमेरा केसभर पुढेच आहे. एकाच जागी उभे राहून, तेवढीच चौकट धरून, शटर तेवढाच वेळ उघडा ठेवला, तर दोन्ही कॅमेऱ्यांत त्या दृश्यातून येणारा प्रकाश सारखाच शिरतो. ए६००० मध्ये तो तिप्पट मोठ्या जागेवर पसरतो, म्हणून तेथे तो तितकाच विरळ होतो, आणि ते विरळपण भरून काढण्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संवेदनक्षमतेचा आकडा, तिप्पट चढवावा लागतो. संध्याकाळच्या घरगुती उजेडात चित्रावर जी रवाळ खर उठते ती प्रामुख्याने प्रकाशाच्या तुटीमुळे उठते. आणि तूट जर दोहोंकडे सारखी, तर खरही जवळपास सारखीच. पाठीमागचा भाग धूसर करून चेहरा उठावदार करण्याची जी कला मोठ्या सेन्सरच्या खात्यावर मांडली जाते तीही त्या छिद्राच्याच व्यासावर अवलंबून असल्यामुळे, या बाबतीतही किट लेन्सवाल्याला मिरवण्यासारखे काही उरत नाही.

हा प्रकार केवळ त्या एका वर्षापुरता किंवा त्या एका कंपनीपुरता होता असेही नाही. २०२३ साली कॅननने ईओएस आर१०० हा आपल्या मिररलेस मालिकेतील सर्वांत स्वस्त कॅमेरा काढला आणि त्याच्यासोबत १८ ते ४५ मिलिमीटरची, एफ/४.५ ते एफ/६.३ ची लेन्स दिली. तिचे लांब टोकाचे छिद्र ७.१ मिलिमीटर भरते, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या त्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या छिद्रातून तिच्या दीडपटीहून अधिक प्रकाश आत येत होता. २०१४ सालचाच पॅनासॉनिकचा एलएक्स१०० घ्यावा, तर त्याचे लांब टोकाचे छिद्र १२ मिलिमीटरचे होते. सेन्सर वर्षानुवर्षे सुधारत गेले, आणि त्याच सुधारणेच्या आधारे किट लेन्स वर्षानुवर्षे अंधूक होत गेल्या. जे सेन्सरने मिळवले ते किट लेन्सने खर्च करून टाकले, आणि जाहिरातीत मात्र फक्त मिळकतीचा आकडा छापला गेला.

असे व्हावे यात गूढ काही नाही. लहान सेन्सरला झाकण्यापुरते प्रकाशाचे वर्तुळ पाडायचे तर काचाही लहान लागतात, आणि लहान काचांत मोठे सापेक्ष छिद्र ठेवणे खर्चाच्या दृष्टीने परवडते. शिवाय लेन्स कायमची जडवलेली असली म्हणजे तिची मागची काच सेन्सरच्या अगदी निकट आणता येते. कारखान्यात ती विशिष्ट लेन्स त्या विशिष्ट सेन्सरशी जुळवून बसवता येते. आणि कॅमेरा बंद झाला की तिचे सर्व घटक एकमेकांत शिरून कवचात नाहीसे होतात. बदलत्या लेन्सच्या माउंटला, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या कड्याला, ही सवलत नसते. सोनीच्या माउंटपासून सेन्सर १८ मिलिमीटर आत असतो, कॅननच्या आरएफ माउंटपासून २० मिलिमीटर, आणि हे अंतर आजच्या लेन्सलाही पाळावे लागते आणि अद्याप न जन्मलेल्या लेन्सलाही. शटर लेन्सच्या आत बसवण्याची सोयही जडवलेल्या लेन्सलाच सहज साधते. असा शटर जवळजवळ निःशब्द असतो, आणि फ्लॅशशी त्याचा मेळ एक हजारांश सेकंदाच्या वेगालाही बसतो. ए६००० चा सेन्सरापुढचा शटर याच कामी १/१६० सेकंदाला थांबतो. भर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने उजळायची असेल तर हा फरक किती मोठा आहे हे ज्याने ते करून पाहिले आहे त्याला सांगायला नको.

येथे प्रतिपक्षाचे जे देणे लागते ते चुकते करतो. वर मांडलेला हिशेब प्रकाश अपुरा असतानाचा आहे. ऊन भरपूर असेल, किंवा कॅमेरा तिकाटण्यावर असून शटर हवा तितका वेळ उघडा ठेवता येत असेल, तर मोठ्या सेन्सरमध्ये प्रकाश अधिक साठतो, आकाशाचा तेजस्वी भाग आणि कड्याखालची सावली दोन्ही एकाच चित्रात अधिक सुस्थितीत राहतात, आणि त्या खेळात ए६००० निर्विवाद पुढे आहे. सह्याद्रीच्या कड्यांची चित्रे पहाटे तिकाटणे लावून काढणाऱ्याला मी आरएक्स१०० घ्यायला सांगणार नाही. तसेच धावणाऱ्या मुलाचा पाठलाग करण्यात ए६००० ची १७९ बिंदूंची फोकस-यंत्रणा आणि सेकंदाला ११ चित्रांचा वेग यांपुढे २०१४ सालचा आरएक्स१०० अगदीच गरीब ठरतो. हे गुण बॉडीचे आहेत, खरे आहेत, आणि ज्याला त्यांची गरज आहे त्याने त्यांसाठीच पैसे द्यावेत. मात्र दिवाणखान्यातला वाढदिवस, देवळातला गाभारा, रात्रीचा रस्ता ही नवशिक्याची नेहमीची क्षेत्रे होत, आणि त्यांत प्रकाशाची तूटच असते.

सेन्सरच्या किल्ल्यातून प्रतिपक्ष हटला की तो लेन्स बदलण्याच्या दुसऱ्या तटावर येऊन उभा राहतो. किट लेन्स हलकी असेल, ते म्हणतात, पण ती बदलता येते ना! येते, त्यात शंका नाही. पण मग पहिल्या खरेदीची पावती हा नुसता बयाणा ठरतो, आणि मूळ व्यवहाराची रक्कम अजून द्यायचीच असते, हे गिऱ्हाइकाला त्या दिवशी कोणी सांगत नाही. ए६००० वर सिग्माची १८ ते ५० मिलिमीटरची, सबंध आवाक्यात एफ/२.८ वर उघडणारी लेन्स लावली की तिचे छिद्र लांब टोकाला जवळजवळ १८ मिलिमीटरचे होते, म्हणजे किट लेन्सच्या चौपट प्रकाश, आणि मग मोठ्या सेन्सरचा तो इतका गाजलेला लाभ पहिल्यांदाच प्रत्यक्षात येतो. ती लेन्स मात्र २०२१ साली निघाली. तिची किंमत निराळी मोजावी लागते. आणि तिचे एकटीचे वजन सुमारे २९० ग्रॅम भरते, जे बॅटरीसकट सबंध आरएक्स१०० मार्क ३ चे वजन आहे. ती घेणाऱ्याने फार चांगला कॅमेरा घेतला, हे मी आनंदाने मान्य करतो. फक्त तो आता पहिल्या पायरीचा कॅमेरा नाही, पहिल्या पायरीच्या किमतीचा नाही, आणि खिशातला तर नाहीच नाही.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत ती लेन्स येतच नाही. आली तर दोन लेन्सच्या जोडसंचातली ५५ ते २१० मिलिमीटरची लांब लेन्स येते. पहिल्या सहलीला ती एकदा लावली जाते, दुसरीला पिशवीतच राहते, आणि त्यानंतर तिचे वास्तव्य कपाटात असते, जिथे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या पावसाळ्यात तिच्या आतल्या काचेवर बुरशीचे नाजूक जाळे धरते. लेन्स न वापरता दमट हवेत अंधारात ठेवणे हा बुरशीला दिलेला उघड परवाना आहे. आणि आतून साफ करून घ्यायला गेले तर मजुरीचा आकडा ऐकून ती तशीच परत आणणारी माणसे थोडी नाहीत. गुंतवणूक हा शब्द वापरणाऱ्यांनी हाही एक जमाखर्च मांडावा.

गुंतवणुकीचाच विषय निघाला आहे तर माउंट या गोष्टीच्या चिरंजीवित्वाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. निकॉनने २०११ साली निकॉन १ या नावाने बदलत्या लेन्सची एक नवी मालिका काढली आणि २०१८ मध्ये ती बंद झाल्याचे मान्य केले; तिचा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचाच होता, म्हणजे ज्या मापाला आरएक्स१०० मध्ये नाके मुरडली जातात तेच माप लेन्स निघते म्हणून येथे सन्मान्य झाले होते. सॅमसंगने २०१० मध्ये एनएक्स मालिका सुरू केली आणि त्याच दशकाच्या मध्यावर ती सोडून दिली. कॅननने २०१२ मध्ये ईओएस एम आणली, तिच्या बॉडी मोठ्या प्रमाणावर खपल्या, आणि २०२३ पर्यंत तीही इतिहासजमा झाली. तिच्या लेन्स कॅननच्याच नव्या आरएफ माउंटवर बसत नाहीत. नव्या आरएफ माउंटची तरी कथा काय? सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या स्वयंचलित फोकसच्या एपीएस-सी लेन्सना तेथे प्रवेशाची सनद मिळायला २०२४ उजाडले. तोवर स्वस्त कॅनन घेतलेल्या माणसाचे लेन्स बदलण्याचे स्वातंत्र्य कंपनीच्या कोठारात जे असेल तेवढ्यापुरतेच होते. जडवलेल्या लेन्सचा कॅमेरा असे कोणतेच वचन देत नाही, त्यामुळे ते मोडण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही. तो ज्या दिवशी घेतला त्याच दिवशी पुरा झालेला असतो.

शिकणाऱ्याच्या वाढीचा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो, म्हणून तो थोडक्यात उरकतो. १९२५ साली लायप्झिगच्या जत्रेत लायका लोकांपुढे आला तेव्हा त्याची ५० मिलिमीटरची लेन्स जडवलेली होती. ती बदलण्याची सोय १९३० मध्ये आली. १९२९ चा रोलीफ्लेक्स आणि त्याच्या मागून आलेली त्याची अनेक प्रसिद्ध भावंडे एकाच जडवलेल्या लेन्सवर चित्रे काढीत राहिली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या काळातील दिल्ली ज्या कॅमेऱ्यांनी टिपली त्यांत रोलीफ्लेक्सही होता. जपानमध्ये दाइदो मोरियामा यांनी रस्त्यावरचे आपले काम रिको जीआर हातात घेऊन दशकानुदशके केले. लेन्स न बदलल्यामुळे या मंडळींची वाढ खुंटली असे कोणी म्हणत असेल तर त्याने ते खुशाल म्हणावे. एकच दृष्टिकोन सतत हाताशी असला की माणूस डोळ्याला कॅमेरा लावण्याआधीच चौकट कुठे संपेल हे ओळखू लागतो आणि पायांनी पुढेमागे होऊ लागतो. झूमच्या कडीशी खेळणाऱ्याला ही सवय लागतच नाही असे नाही, पण फार उशिरा लागते.

किमतीच्या बाबतीत मात्र मला दोन आघाड्यांवर लढावे लागते, आणि त्यांतील एक माझ्याच बाजूच्या लोकांविरुद्ध आहे. फुजीफिल्मचा एक्स१००व्ही समाजमाध्यमांवर एकाएकी फॅशन झाला तेव्हा वापरलेले नग नव्याहून अधिक किमतीला विकले जाऊ लागले, आणि २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती, एक्स१००व्हीआय, १,५९९ डॉलरला निघाली तेव्हा लोक महिनोन्‌महिने तिच्यासाठी नावे नोंदवून बसले. कॅमेरा उत्कृष्टच आहे: ४० मेगापिक्सेलचा सेन्सर, २३ मिलिमीटरची एफ/२ लेन्स, उन्हासाठी आतच बसवलेला चार पायऱ्यांचा काळा फिल्टर. पण गळ्यात अलंकार म्हणून लटकवण्यासाठी तो घेणाऱ्यांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही, आणि जो पहिलाच कॅमेरा घेतो आहे त्याने एवढी रक्कम त्यात घालावी असे माझे म्हणणे नाही. दुसरी आघाडी रिकोच्या जीआर ३ ची. २०१९ मध्ये तो निघाला तेव्हा त्याची किंमत ८९९ डॉलर होती, आणि २०२३ मध्ये किट लेन्ससह आर१०० ची ५९९. म्हणून प्रतिपक्ष म्हणतो की तीनशे डॉलर उगाच का द्यायचे? जीआर ३ मध्ये आर१०० सारखाच एपीएस-सी मापाचा, २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, १८.३ मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स आहे. आणि ते सारे २५७ ग्रॅमांत आहे. आर१०० ला या लेन्सच्या तोडीला आणायचे तर तेव्हा ४७९ डॉलरच्या नुसत्या बॉडीवर कॅननची १६ मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स २९९ डॉलरला घ्यावी लागत होती: एकूण ७७८ डॉलर, ५२१ ग्रॅम, आणि हात स्थिर ठेवणारी यंत्रणा ना बॉडीत ना लेन्समध्ये, जी जीआर ३ च्या सेन्सरखाली आहे. तीनशेचा फरक १२१ वर येतो. तेवढ्या रकमेत कॅमेरा निम्म्या वजनाचा होतो आणि सदऱ्याच्या खिशात जातो. मला तरी हा सौदा बुडीत वाटत नाही.

लेन्स जडवलेल्या कॅमेऱ्याचे दोष झाकून ठेवण्याचे मला कारण नाही. जीआरच्या लेन्सची नळी आत-बाहेर होताना धूळ ओढते, आणि ती सेन्सरवर बसली तर मालकाला फुंकर मारण्याचीही सोय नाही. कॅमेरा उघडून घ्यावा लागतो. लेन्सची मोटर बिघडली तर सगळाच कॅमेरा दुरुस्तीला जातो. जीआरला दर्शिका नाही, आणि त्याची बॅटरी दिवसभर पुरत नाही. शिवाय काही विषय असे आहेत की जेथे माझ्या पक्षकाराने बोलूच नये: पक्षी, क्रिकेट, शाळेच्या रंगमंचावर दूर उभी असलेली आपली मुलगी. ज्ञानेश्वरांची पालखी दिवेघाट चढू लागते तेव्हा वरच्या वळणावर जागा धरून बसलेल्या छायाचित्रकारांना खालून येणारी ती दिंड्यांची सलग रेघ टिपायला लांब लेन्सच लागते, आणि तेथे जीआर घेऊन जाणारा माणूस फक्त गर्दीत भर घालतो. तोच माणूस घाट उतरून दिंडीच्या आत शिरला, टाळकऱ्याच्या हातभर अंतरावर चालू लागला, वरून पाऊस आणि खालून चिखल, तर लेन्स बदलायचा विचार तेथे कोणालाच सुचत नाही, आणि एक मीटरवर आधीच बांधून ठेवलेल्या फोकसवर एका दाबात उघडणारा त्याचा शटर उपयोगी पडतो. ज्याला वरच्या वळणावरचे चित्र हवे आहे त्याने मिररलेस घ्यावा, पण मग लांब लेन्सचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत.

राहता राहिला प्रतिपक्षाचा शेवटचा आणि, त्यांच्या मते, बिनतोड सवाल: छोटाच कॅमेरा हवा तर खिशातला फोन काय वाईट? सवाल रास्त आहे, आणि दिवसेंदिवस अधिक रास्त होत चालला आहे. २०२२ मध्ये शाओमीने १२एस अल्ट्रा या फोनमध्ये आरएक्स१०० च्याच मापाचा, एक इंच वर्गातला सेन्सर बसवला, आणि त्याच्यापुढे २३ मिलिमीटरच्या तोडीची एफ/१.९ लेन्स लावली. तिच्या छिद्राचा व्यास हिशेबाने सुमारे साडेचार मिलिमीटर येतो. आरएक्स१०० ची रुंद टोकावरची आघाडी आता फोनपुढे केसभरच उरते, हे कबूल. झूम करून चेहरा टिपायचा म्हटले की फोनचा तो मोठा सेन्सर बाजूला होऊन लहान सेन्सर पुढे येतो आणि मग आरएक्स१०० चे ९.२ मिलिमीटरचे छिद्र कामास येते, हा भाग वेगळा. पण हा सवाल टाकण्यापूर्वी प्रतिपक्षाने आपल्याही लेन्सवर तोच भागाकार करायला हवा होता. ए६००० ची किट लेन्स रुंद टोकाला ४.६ मिलिमीटर उघडते, आर१०० ची ४ मिलिमीटर. फोनमुळे माझा पक्षकार अनावश्यक ठरत असेल तर त्यांचा पक्षकार त्याच कलमाखाली, त्याच हुकुमाने, अनावश्यक ठरतो. जीआर ३ चे छिद्र मात्र साडेसहा मिलिमीटरचे आहे, म्हणजे त्या फोनच्या आणि ए६००० च्या किट लेन्सच्या दुपटीइतका प्रकाश, आणि त्यासाठी दुसरी लेन्स विकत घ्यावी लागत नाही.